शकूनं धरलेली जागा

टँकरच्या रांगेत घागर ठेवून आज सावलीसाठी आमच्या उदगीरच्या बंद टॉकीजमध्ये शिरले.

शाळेत असताना मी अन् माझी मैत्रीण शकू इथं कॉलेजातल्या प्रेमाचे पिक्चर चोरून बघायचो. ती आधी येऊन माझ्या खुर्चीवर रुमाल टाकायची. एकदा बापाच्या भीतीनं मी आलेच न्हाई. त्या दिवशी एकटीच घरी निघालेली शकू ट्रकखाली गेली.

आज सगळ्या खुर्च्यांवर बोटभर धूळ. आमच्या दोन मात्र पुसलेल्या, अन् माझ्या खुर्चीवर शकूचा पिवळा रुमाल.

वॉचमन म्हणाला, "ताई, लई वर्षं झाली, आत कुणीच येत न्हाई."

रुमाल उचलला. पंधरा दिवस गावात नळाला पाणी न्हाई, अन् रुमाल ओला होता.

तिथंच ठेवून पळाले. टॉकीज उद्या पाडणार हायत. सांगा, जाऊन बसू का?