खपली धरलेला पूल

गंज दिसला की माझा हात शिवशिवतो. आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीवरचा लोखंडी धक्का दर वर्षी खरवडायचा आणि रंगवायचा, हाच माझा आणि माझ्या सहा गड्यांचा धंदा. अशा माणसाला साहेबांनी सोलापूरला धाडले, तेही बिनरंगाचा पूल बघायला! विलायतेत तांबे मिसळून नवे लोखंड निघाले आहे म्हणे. ते गंजते, आणि तो गंजच त्याला राखतो.

"बघून ये. पूल टिकला असेल, तर आपला नवा धक्काही त्याच लोखंडाचा, बिनरंगाचा," साहेब म्हणाले.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातलीच ही तऱ्हा! 'चांगले आहे' म्हणावे तर आपल्याच पोटावर पाय. आणि चुकून 'चांगले' म्हटले आणि उद्या धक्काच खचला तर? माझी लेक रोज माशांची पाटी डोक्यावर घेऊन त्याच धक्क्यावर उतरते. घाट चढेपर्यंत माझे डोके भणाणून गेले होते.

मिरजेहून छोट्या गाडीने कुर्डुवाडी आणि तिथून मोठ्या गाडीने सोलापूर गाठले. खानावळीत ताटात वाढलेले मीठ चिमटीतून सुळकन सांडले. कोरडे खडखडीत! आमचे मीठ बारा महिने चिकट. बाहेर बाजारात एकजण तेलुगूत बोले, दुसरा कानडीत, टांगेवाला दखनीत. मी आपला सगळ्यांना होय-होय करत होतो. त्यामुळेच असेल, टांगेवाल्याने आधी भलत्याच पुलावर नेले. तो चांगला रंगवलेला निघाला.

खरा पूल अक्कलकोटच्या वाटेवर, एका कोरड्या ओढ्यावर होता. रंग थेट आमच्या जांभ्या दगडाचा. हात फिरवला तर एक पापुद्रा सुटेना. हे काय गौडबंगाल? मला राहवेना. पिशवीतून खरवडणी काढली आणि तळहाताएवढी जागा खसाखसा घासली.

"अवं पावनं (पाहुणे), त्याची खपली कशापायी काढताय?"

पुलाच्या सावलीत मेंढरे घेऊन एक धनगर म्हातारी बसली होती.

"गंज आहे आजी, लोखंडाला खातो."

"खाल्लं कुटं? तीन उन्हाळं झालं, आमी हितंच बसतोय. मेंढराच्या जखमंला खपली धरती की न्हाय? काढली की पुन्यांदा रगत."

मी चोरासारखा खरवडणी लपवली. तिने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे केली. भाताला सोकावलेला मी. दाढ मोडायची वेळ आली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"लई तिखट न्हाय की!" म्हातारी हसली. "तुमच्याकडं न्हाय धरत व्हय खपली?"

"नाही. पापुद्रे सुटून हातात येतात."

"वल्लं (ओलं) झाल्यावर वाळतंय का तितं?"

आमच्याकडे काय वाळते? वारासुद्धा खारट.

"मीठसुद्धा वाळत नाही, आजी."

"मंग कशी धरंल? चिखलात मेंढराचं खूर कुजत्यात, तसंच ते."

मला हायसे वाटले, आणि लगेच लाज. हे खरे आहे म्हणून पटले, की माझी भाकरी शाबूत राहते म्हणून? काही कळेना. तिला सगळे सांगून टाकले.

"आमच्यात मटनाचं वाटं (वाटे) घालणारा आपला वाटा शेवटी उचलतो," ती म्हणाली. "मंग कुनी भांडत न्हाय."

याचा माझ्या धक्क्याशी काय संबंध, ते मला उमगले नाही. मी खरवडलेल्या जागेकडे बघत राहिलो. "धरंल ती परत. जावा तुमी," म्हणून तिने मेंढरे उठवली.

परतल्यावर साहेबांना सांगितले, "तिथे हे लोखंड उत्तम. इथे मात्र रंगच हवा."

साहेब मोठ्याने हसले. "वाटलंच होतं. रंगाऱ्याला रंगच हवा!"

तेव्हा कुठे म्हातारीचे वाट्यांचे बोलणे डोक्यात शिरले. तोंडातून निघून गेले, "मग रंगाचं काम दुसऱ्या कुणाला द्या, साहेब. माझे गडी त्याच्या हाताखाली जातील. मी नाही. पण धक्का रंगवा."

साहेबांचे हसू थांबले. धक्का रंगाचाच झाला.

आता मी होड्यांना डांबर लावतो. मी शहाणा की खुळा, मला अजून कळत नाही. बायकोला मात्र पक्के ठाऊक आहे. काल नव्या मुकादमाचे गडी धक्का खरवडत होते. खर्र खर्र ऐकून माझा हात शिवशिवत होता. एवढ्यात होडी लागली. लेक पाटी घेऊन उतरली आणि तरातरा चालत गेली. पायाखाली तिने पाहिलेसुद्धा नाही.