पिएदादबाईंचा प्रिंटर आणि रुक्मिणीचं कुंकू

आमच्या शेजारच्या पिएदादबाई म्हणजे काळजीचं माहेरघर. शाळेतून निवृत्त झाल्या, तरी जगाची हजेरी घ्यायची सवय काही गेली नाही. इथे दूध नासलं तर त्या कुवेतला लेकाला फोन करतील, तू बरा आहेस ना म्हणून. त्या लेकाने, टोनीने, २००६ साली त्यांना कॉम्प्युटर आणि प्रिंटर बसवून दिला. तेव्हापासून आमच्या आचरा गावात कुणाला फोटो हवा असला की तो बाईंच्या दारात.

त्या दिवशी वारं पिसाळलं होतं. खालच्या वाडीतल्या रुक्मिणीचा नवरा धोंडू मासेमारीला गेला होता आणि होडी परतली नव्हती. घरात बसवेना, म्हणून ती जोडीचा फोटो न्यायला आली. सुट्टीवर आलेल्या टोनीने तो चतुर्थीला काढला होता. खरं तर ती बाईंच्या रेडिओसाठी आली होती. बाईंनी सकाळीच तो मॉनिटरच्या डोक्यावर ठेवला होता, कारण मॉनिटरमागच्या खिडकीशीच केंद्र नीट लागायचं आणि वाऱ्याची बातमी कळायची.

पडद्यावर नवराबायको उकडलेल्या कुर्ल्यांसारखे लाल दिसत होते. बाईंनी लाल रंग कमी केला, चेहरे माणसात आणले आणि फोटो छापला. कागदावर दोघंही हिरवट! शाई वाळली असेल म्हणून त्यांनी प्रिंटरची सफाई केली, कागद बदलला. पुन्हा तेच. "बाई, ऱ्हवांदे, उद्या बगू," बाजूला उभा राहून मी म्हटलं. त्यांनी अशी नजर टाकली की मी थेट दुसरीच्या वर्गात जाऊन बसलो.

रुक्मिणीने फोटो उचलला. "बाई, माझा कुकू खंय गेला?"

कुंकवाच्या जागी मळकट डाग होता. बाई पांढऱ्याफटक पडल्या. ख्रिस्ती बाई, त्यांनी नाक बघितलं, डोळे बघितले, कपाळाकडे लक्षच गेलं नव्हतं.

"माज्याच हातान झाला गो," म्हणत त्या मटकन खाली बसल्या.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. केंद्र लावायला बाईंनी उठून तो जरा सरकवला, तर पडद्यावरची लालीही त्याच्यामागोमाग सरकली. परत मागे आणला, लाली मागे.

"स्पीकरातला लोहचुंबक!" बाई ओरडल्या. म्हणजे फोटो पहिल्यापासून ठीकच होता. पडदा खोटं बोलत होता आणि बाई त्या खोट्यालाच सुधारत बसल्या होत्या.

पण रेडिओ तिथून हलवला की केंद्र जाणार, आणि बातम्यांची वेळ झाली होती. बाईंनी विचारलं, "काय करूया गो? आदी बातमी काय आदी फोटो?"

"आदी कुकू," रुक्मिणी म्हणाली.

रेडिओ स्वयंपाकघरात गेला आणि मुका झाला. बाईंनी पडदा बंद करून चालू केला, मूळ फोटो काही न बदलता छापायला सोडला. प्रिंटर कुरकुरत एकेक पट्टी बाहेर टाकत होता. आधी आकाश, मग धोंडूचे केस, मग रुक्मिणीचं कपाळ. लालभडक. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, पण तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला.

तासाभराने फोन वाजला. वाडीत फोन बाईंकडेच. दोघी जागच्या हलेनात, म्हणून मीच उचलला. धोंडू होता. वाऱ्याने होडी देवगडला नेली होती, सगळे सुखरूप होते.

मी रिसीव्हर रुक्मिणीच्या हातात दिला. दिवसभर डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई हमसून हमसून रडली. पलीकडून धोंडू काय झालं, काय झालं विचारत राहिला.

"काय नाय," ती कशीबशी म्हणाली. "फोटो बरो इलो तुमचो."