मावशींच्या घरात जागा असतेच

‘अ‍ॅडजस्ट’ हे क्रियापद इंग्रजांनी काढलं असेल, पण ते पूर्णपणे वापरलं जगात एकट्या माझ्या घरमालकीण मावशींनीच. भाजी खारट झाली, मांजर पिठाच्या डब्यात व्याली, शेजारचे दोघे भाऊ शेताच्या बांधावरून, तिकडच्या भाषेत धुऱ्यावरून, एकमेकांच्या अंगावर धावले, काहीही होवो, मावशींचं औषध एकच. भाजीत बटाटा पडे. डबा मांजरीकडे राही आणि पीठ माझ्या हेल्मेटमध्ये जाई. भांडणाऱ्या भावांना त्या ओसरीतल्या बाजेवर शेजारीशेजारी बसवत. बाजेला मधोमध इतका झोळ होता की दोघंही घसरत घसरत एकमेकांच्या मांडीवर येत, आणि त्या अवस्थेत धुऱ्याचं भांडण चालवणं फार अवघड असतं.

मी मालवणकडचा, नववीतून शाळा सोडलेला. सोलर पंप बसवणाऱ्या टोळीबरोबर फिरत फिरत समुद्रापासून लांब, रिठद नावाच्या गावी आलो. स्वभाव मुळात घाबरट. कुणी दार वाजवलं की वाटतं, आता हे ‘निघ’ म्हणणार. परमुलखातला सडाफटिंग पोरगा म्हणून गावात कुणी खोली देईना. मावशींनी मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, “मासे खातं का रे?”

“खातो.”

“अठी समुद्र नाई. अ‍ॅडजस्ट करजो.” आणि किल्ली हातावर ठेवली. त्या किल्लीचा मला केवढा आधार वाटला, ते आजही नीट सांगता येत नाही.

खरा धक्का लग्नसराईत बसला. नवरदेवाकडच्या वऱ्हाडाला उतरायला गावातलं एखादं घर देतात, त्याला तिकडे जानोसा म्हणतात. मी भरदुपारी शेतावरून परतलो तर जानोसा माझ्याच खोलीत! माझ्या खाटेवर नवरदेव, त्याच्या गालांना फेस, समोर वस्तरा धरलेला न्हावी, आणि नवरदेवाच्या अंगात माझा कोरा शर्ट. गावी जाताना घालायचा म्हणून घडी न मोडता ठेवलेला. मी उंबऱ्यातच थिजलो. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन वऱ्हाडी मंडळींतून वाट काढत आल्या.

“त्याच्या शर्टावर वरण सांडलं रे बावा. उघडा उभा राहीन का लगनाले?”

“पण मावशी, हा माझा शर्ट आहे.”

“माईत हाय मले. म्हनून तं घेतला. लोकायचा कसा घेऊ?”

मी कामाचा ग्रीस लागलेला शर्ट घालून लग्नाला गेलो आणि वरपक्षाच्या फोटोत उभा राहिलो.

मग पुण्याहून त्यांचा मुलगा आला, बायको-पोरांसकट, चांगला मुक्कामाला. नोकरी घरूनच करायची म्हणे. मी संध्याकाळी आलो तर माझ्या खोलीत कॉम्प्युटर मांडलेला, खाट गायब. कुणी ‘निघ’ म्हणायच्या आधीच कपडे पिशवीत कोंबले.

“निघतो मावशी.”

“कुठी?”

“बघतो कुठेतरी.”

“काहून? तुही खाट माजघरात टाकली ना.”

माजघरात तर मावशी झोपत. “मग तुम्ही?”

त्यांनी कोठीकडे बोट केलं. सोयाबीनच्या पोत्यांच्या मधल्या बोळात त्यांची गोधडी अंथरलेली होती, उशाशी चष्म्याचं घर. “झाली ना मी अ‍ॅडजस्ट,” त्या म्हणाल्या.

मुलगा माझ्या मागेच उभा होता. त्याचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला. “आई, परक्या पोरासाठी तू पोत्यांत झोपून राह्यली?”

“परका कोन आला?” म्हणत मावशींनी खरोखर मान वळवून अंगणात पाहिलं.

मी पिशवी उचलली. त्यांनी ती हिसकावून घेतली. “हा गेला तं मी बी जातो.” मुलगा काही वाईट नव्हता, त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, “मंग तूच चाल माह्यासंगं पुण्याले. तठी तुले सोताची खोली देतो.”

आणि मुक्काम आवरून नेलंच. जाताना मावशींनी घराची किल्ली, सगळ्या घराची, माझ्या हातावर ठेवली. “तू राय. घर रिकामं नोको ठेवू.” मला कुणी ‘निघ’ म्हटलंच नाही, निघाल्या त्या.

रविवारी फोन करतो. “कसं आहे मावशी तिकडे?”

“लय जागा हाय रे बावा. मले एकटीले अख्खी खोली.” मग हळूच म्हणतात, “अ‍ॅडजस्ट कराले मानूसच नाई.”

मी विषय बदलतो. सांगतो, मांजर पुन्हा व्याली.

“कुठी?”

“तुमच्या जागेवर, माजघरातल्या माझ्या खाटेवर.”

“मंग तिले उठवू नोको,” मावशी म्हणतात, “तू जरा सरकून झोप.”