मनीचं उत्तर मी दिलं

गणपतीच्या पत्रीसाठी आघाडा खुडला की बोटांना उग्र हिरवा वास लागतो, आणि मी वालावलच्या आमच्या पडवीत जाऊन पोचतो. तेव्हा मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. गावात कुणाचीही नक्कल करायचो, अगदी मांजराचीसुद्धा.

त्या दुपारी लाकडांच्या राशीत माझ्या धाकट्या बहिणीच्या, शालूच्या मनी मांजरीला विंचू चावला. पंजा वर धरून ती थरथरत होती, तोंडातून लाळ गळत होती. टोपलीत घालून तिला कुडाळच्या गुरांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून शालू रडत होती. तेवढ्यात विंचू उतरवणारे बाबलआजा आले. त्यांनी आघाड्याचं मूळ ठेचून पंजाला लावलं, मंत्र पुटपुटला आणि विंचू कुठवर उतरला ते माणसाला विचारतात तसंच मनीला विचारलं, "आता खंय इलो गो?"

मांजर काय सांगणार? मीच मनीच्या आवाजात म्हटलं, "म्यांव, आजानू, नखात इलो."

नखात आला म्हणजे उतरला, असा नेम. सगळे हसले. आजा पण हसले, "मगे उतारलो," म्हणाले नि उठले. शालूनं डोळे पुसून टोपली ठेवून दिली. मी गप्प राहिलो, कारण लोक अजून हसत होते. आता वाटतं, तेव्हाच एस्टी गाठायला हवी होती.

दिवेलागणीला मनी आडवी पडली. शालू माझ्याजवळ आली. टोमणा नव्हता, तिला खरंच वाटत होतं.

"दादा, तुका तिची भाषा कळता मां? मगे इचार तिका, खंय दुखता तां."

ती माझ्या तोंडाकडे बघत बसून राहिली.