बोटभर डावीकडे

वहिनीनं काचेवर पत्र ठेवलं, बोटभर डावीकडे सरकवलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं. कॉपी बाहेर आली. नणंद-भावजय डोक्याला डोकं लावून बघत राहिल्या. अक्षर न् अक्षर काळंकुळकुळीत.

"घेऊन टाक वहिनी," नणंद म्हणाली.

विम्याचं ऑफिस बंद होत होतं, वापरलेलं झेरॉक्स मशीन विकायला काढलेलं. खुर्च्या एकमेकींवर चढवलेल्या, कपाटं हलवलेल्या जागी भिंतीवर पांढरे चौकोन. कारकुनाला घाई झालेली. "दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय. हो की नाही, बोला."

वहिनीला मशीन पाहिजेच होतं. शाळेनं वर्षभराचं झेरॉक्सचं काम तिच्या दुकानाला द्यायचं कबूल केलेलं, फक्त सोमवारी नमुना दाखवायचा, छाप स्वच्छ हवी. हे काम मिळालं तर दुकान तगणार, नाहीतर शटर खाली. दुकानातलं जुनं मशीन पार थकलेलं. उजवीकडची बोटभर पट्टी फिकीच छापायचं. वहिनीनं त्यावर तोड काढली होती. कागद बोटभर डावीकडे ठेवायचा, म्हणजे त्या पट्टीत नुसता समास येतो. कोऱ्या जागेत काय फिकं आणि काय काळं! पाच वर्षं असंच रेटलं, गिऱ्हाइकाला पत्ता नाही.

दुकानातलं मशीन दुरुस्त करणारे मेकॅनिक काका मागं उभे होते, त्यांनी मान खाजवली. "झाकण उघडं टाकून एक काढू. अख्खा कागद काळा येतो, मग खोट लपत नाही."

नणंद लग्न मोडून घरी आली तेव्हा सख्खा भाऊ तोंड फिरवून बसला होता. वहिनीनं ताट वाढलं आणि सकाळी दुकानाची दुसरी किल्ली तिच्या हातात ठेवली. तेव्हापासून सहा महिने ती गिऱ्हाइकाशीसुद्धा मान खाली घालून बोलायची. पण वहिनीच्या हातावर शंका? तिचं टाळकंच सरकलं.

"काका, तुम्ही पाने-स्क्रू फिरवता तेवढंच फिरवा! माझ्या वहिनीला कॉपी कळत नाही होय? हे मशीन बिघडणार नाही, मग तुमच्या फेऱ्या बंद, फुकटचा चहा बंद, हेच दुखणं ना?"

कारकून फिदीफिदी हसला. काकांचा चेहरा पडला.

वहिनीनं काकांकडे बघितलं, मग नणंदेकडे. "तू खाली जाऊन टेम्पो बघ गं. मी आलेच."

नणंद दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. किती दिवसांनी छाती भरून आली होती तिची.

मशीन दुकानात आलं. सोमवारी शाळेनं नमुन्याला गुणपत्रक दिलं. कडेपर्यंत चौकटी, समास नावालाही नाही. सरकवायचं कुठं? शाळेच्या बाईंनी कॉपी खिडकीशी धरली. "अहो, पोरांची बेरीज कुठं गेली?" शेवटचा रकाना धुतल्यासारखा.

काम मागच्या गल्लीतल्या दुकानाला गेलं. नणंद तणतणत विम्याच्या ऑफिसात गेली, तिथं कुलूप. परत येऊन तिनं तेच जुनं पत्र काचेवर सरळ ठेवलं. कड फिकी. बोटभर सरकवलं. स्वच्छ. नव्या मशीनची खोटही वहिनीच्या हातानं सवयीनं झाकली होती.

"माझाच हात गं," वहिनी एवढंच म्हणाली.

वर्षभरात शटर खाली आलं. वहिनी आता दुसऱ्याच्या दुकानात उभ्यानं पुस्तकं बांधते. काका दिसले की नणंद रस्ता बदलायची. दोन वर्षं बदलला. शेवटी एकदा दवाखान्याच्या रांगेत शेजारीच बसायची वेळ आली, तेव्हा तिनं माफी मागितली.

काका म्हणाले, "तू टेम्पो बघायला गेलीस ना, तेव्हा तिनं झाकण उघडं टाकून कॉपी काढली होती. उजवीकडे फिकी पट्टी दिसली आम्हाला. मी घेऊ नको म्हटलं. ती म्हणाली, पट्टीला मी सांभाळून घेईन काका, पोरगी आज पहिल्यांदा मान वर करून बोललीय, तिला खोटी पाडू नका."