काशिनाथच्या पाळीतला गॅस

सकाळी ट्रकच्या टाकीतल्या दाबाची सुई पुन्हा खाली आलेली. ड्रायव्हर दत्तू म्हणाला, "मॅडम, चोरीच. डिझेल काढतात तसं."

मी कपाळाला हात लावला. हायड्रोजन काय कॅनमध्ये ओतून नेणार? साडेतीनशे बारचा दाब असतो तो, नळी लावायला जाणारा जिवानिशी जाईल. पण मग सुई उतरते कशी, ते मलाही सांगता येईना. लीक डिटेक्टर गप्प. सगळे जोड घट्ट.

अवजड ट्रकमध्ये हायड्रोजन भरण्याचा प्रोटोकॉल आम्ही तयार करत होतो. म्हणजे गॅस किती वेगाने भरायचा, कुठे थांबायचं, याचे नियम. दिवसा ट्रक मोखाड्याच्या घाटात पळवायचा, संध्याकाळी जव्हारच्या यार्डात भरायचा. भरताना गॅस तापतो, रात्री निवतो, दाब थोडा उतरतो. तेवढं हिशेबात धरलेलंच होतं. ही उतरण बरीच जास्त होती.

त्यात सुई उतरायची ती नेमकी काशिनाथच्या पाळीत. रात्रीचे वॉचमन दोन, एकाआड एक. दुसऱ्याच्या पाळीत सगळं ठाकठीक. काशिनाथ जामसरचा, भात झोडून झाला की रखवालीला येणारा, सरळ माणूस. मी नुसती चक्रावून गेले होते.

पुण्याहून साहेबांचा फोन आला. माणूस बदला म्हणाले.

"सर, हा गॅस चोरता येत नाही."

"मग कारण सांगा."

कारण माझ्याकडे नव्हतं. काशिनाथला काढलं. जाताना एवढंच म्हणाला, "मी नाय घेतला, मॅडम."

नवा वॉचमन आला आणि त्याच्याही पाळीत सुई उतरली! आता आली का पंचाईत?

मग मी रात्रीचा नाद सोडून संध्याकाळ तपासायला घेतली. गॅसचा टँकर एक दिवसाआड भरून यायचा. मधल्या दिवशी, म्हणजे नेमकं काशिनाथच्या पाळीच्या दिवशी, उरलेल्या गॅसवर भागवायचो. त्याचा दाब कमी, म्हणून भरणं संथ. जोरात शिरलेला गॅस टाकीत घुसळून निघतो. संथ शिरला तर गरम गॅस वर राहतो आणि थंड खाली, बंबातल्या पाण्यासारखं. आमचा तापमानाचा सेन्सर खालच्या अंगाला. तो सांगायचा, गॅस थंड आहे. थंड गॅस कमी दाबातही जास्त मावतो, म्हणून मशीन त्याचं ऐकून टाकी भरली समजायचं आणि लवकर थांबायचं. टाकी मुळात पुरती भरायचीच नाही. वरचा गरम गॅस दाब फुगवून दाखवायचा आणि सकाळपर्यंत निवायचा. खात्री म्हणून भरलेल्या टँकरवरूनही मुद्दाम संथ भरून पाहिलं. सुई उतरली.

काशिनाथला फोन केला. तो ठाण्याला बिगारी कामावर लागला होता. परत ये म्हटलं, तर म्हणाला, "नोकरी राहू द्या. गावात तेवढं सांगा. घरच्यांना चोर बोलतात."

म्हणून जामसरला गेले. त्याच्या अंगणात चार माणसं जमली. बंबाचं उदाहरण देऊन सगळं समजावलं. एका म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग गॅस नेला कोनी?"

"कोणीच नाही, बाबा. गॅस गेलाच नव्हता."

"मंग त्याला काढला कशाला?"

समोर आलेला चहा प्यायले आणि निघाले.

पुढे प्रोटोकॉल मंजूर झाला. टाकीच्या वरच्या अंगालाही सेन्सर आला. सेन्सर चुकला तर काय करायचं, याच्या त्यात पानभर सूचना आहेत. साहेब चुकले तर काय करायचं, ते कलम मंजुरीला पाठवायची माझी काही छाती झाली नाही.