आत्याचा मान

न्यूझीलंडमधल्या मांगेरे या उपनगरातल्या टोंगन वस्तीत लग्न असो की मयत, लुसेआनेला विचारल्याशिवाय पान हलत नसे. तिच्या धाकट्या भावाच्या, मोसेसेच्या घरात तर तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आमच्यात बापापेक्षा बापाची बहीण मोठी. भावाच्या लेकीचं नावही तिनेच ठेवलं, तोकिलुपे. तीन वर्षांची ती गोबरी पोर आत्याच्या मांडीवरून उतरायचं नाव घेत नसे, आणि लुसेआनेचाही तिच्यावर भारी जीव.

मोसेसेला क्षय झाला तेव्हा दवाखान्यातलेही चकित झाले. इथे हा आजार आता कुणाच्या ध्यानीमनी नसतो. टोंगाच्या बेटावरून येताना मोसेसे तो छातीत घेऊन आला होता म्हणे, आणि इतकी वर्षं आजार तिथे गुपचूप पडून होता. नर्स घरी आली, सगळ्यांची तपासणी झाली.

"पोरीच्या अंगातही जंतू शिरलेत, पण अजून झोपलेत," ती मोसेसेच्या बायकोला, कालोला म्हणाली. "ते उठायच्या आत औषध द्यायचं. असे झोपलेले संपवले, तरच हा रोग इथून कायमचा जाईल."

कालोने औषध सुरू केलं. पोरीची लघवी नारिंगी झाली. औषधाने तसं होतं, हे नर्सने आधीच सांगितलं होतं, पण लुसेआनेला कोण समजावणार? पोरीची चड्डी पाहून ती कडाडली.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दुखणं बापाला आणि औषध लेकीला? धडधाकट पोर आहे माझी!"

"वन्सं, नर्स म्हणत होती की या देशातून हा रोग कायमचा…"

"नर्सने वाढवलंय का हिला? देश साफ करायचाय तर झाडू घे म्हणावं तिला. बंद कर ते."

कालोने बंद केलं. नणंदेला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. जळो ती रीत! नर्सचा फोन आला की ती "देतेय हो" म्हणायची. खरं सांगितलं असतं तर वन्संचं नाव घ्यावं लागलं असतं.

थंडीत पोर किरकिरी झाली. मग ताप, उलट्या. लुसेआनेने खोबरेल चोळलं, मांडीवर घेऊन थोपटलं. मान ताठ झाली, डोळे फिरले, तेव्हा कुठे दवाखाना. क्षय मेंदूत पोचला होता.

"औषध चालू होतं ना?" डॉक्टरने विचारलं.

लुसेआनेच म्हणाली, "मी बंद करायला लावलं."

तोकिलुपे वाचली नाही.

मयताच्या उशाशी बसायचा मान आत्याचा. लुसेआनेला तिथेच बसवलं. नातलग येत, आमच्यात सगळ्यात मोठा अहेर समजल्या जाणाऱ्या विणलेल्या चटया, त्याही उत्तमातल्या उत्तम, तिच्यापुढे ठेवत आणि वाकून मागे सरत. कुणी अवाक्षर काढलं नाही. एखाद्याने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं तिला. आतून तिचं काळीज फाटत होतं, आणि पुढ्यात मानाची रास वाढत होती.

कालो चहा घेऊन गुडघ्यांवर सरकत आली. लुसेआनेने तिचा हात घट्ट धरला.

"मी मारलं गं तुझ्या लेकीला. बोल ना काहीतरी. शिव्या दे. थुंक माझ्यावर."

कालोने हळूच हात सोडवून घेतला आणि चहातली साखर ढवळली.

"निवेल, वन्सं. घ्या. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

लुसेआनेने चहा घेतला. कप रिकामा होईस्तोवर कालो समोर मान खाली घालून बसून होती.